बारा कडा

आमच्या ह्यांचा उजवा अंगठा माझ्यामुळे गेला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, सख्ख्या मुलीलाही नाही. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते राहिले नाहीत, आणि माझंही आता वय झालं. पोटात घेऊन मेले तर कोणाला काय कळणार आहे? म्हणून सांगते.

हे सुतार. मुलुंडच्या एका फर्निचर कारखान्यात कामाला होते. आम्ही राहायचो घाटकोपरला, टेकडीवरच्या चाळीत. ऐंशी सालानंतरची गोष्ट. सुतार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रंधा येतो, हातोडी येते. ह्यांचं काम त्याच्या पुढचं. कपाटाचं दार किंवा टेबलाची फळी रंधून झाली की ती ह्यांच्यापुढे यायची आणि हे तिच्यावर पत्ती चालवायचे. त्यानंतर फक्त पॉलिश. पॉलिशवाला म्हणायचा, ह्यांच्या हातून आलेल्या सागवानावर माझे अर्धे कष्ट वाचतात.

पत्ती म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोस्टकार्डाएवढा पोलादी पत्रा. मूठ नाही, दात नाहीत, काही नाही. बघणाऱ्याला वाटेल भंगार आहे. पण त्याच्या लांब कडेला एक बारीकसं वळण काढायचं असतं, इतकं बारीक की डोळ्याला दिसत नाही, अंगठा बाहेरच्या बाजूला सरकवला तर नुसतं अडकल्यासारखं लागतं. आधी कानशीने कड सरळ करायची, मग तेल टाकून दगडावर घासायची, आणि मग कडक पोलादाची सळई जरा तिरकी धरून, दाबून, एका दमात ओढायची. तेव्हा ती कड वळते. ह्यांची सळई म्हणजे कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून आणलेला, ट्रकच्या इंजिनातला जुना व्हॉल्व्ह होता. एका पत्तीला लांब बाजू दोन, प्रत्येक बाजूला दोन अंगं, म्हणजे चार कडा. ह्यांच्याकडे पत्त्या तीन. बारा कडा. एक बोथट झाली की दुसरी फिरवायची, असं करत बारा कडांवर त्यांचा दिवस निघायचा.

कड चांगली असली की लाकडावरून पापुद्रा निघतो, कांद्याच्या आतल्या सालीसारखा, कुरळा. कड गेली की नुसता भुसा पडतो. आणखी एक. पत्ती चालवताना दोन्ही अंगठे मागून रोवून तिला जरासा बाक द्यावा लागतो. घासून घासून ती तापते. बोथट पत्तीला जोर जास्त लावावा लागतो, म्हणून ती जास्तच तापते. अंगठ्याला चटका बसला की सुतार थांबतो, पत्ती गार होऊ देतो, कड नव्याने काढतो. हे लक्षात ठेवा.

त्या तिन्ही पत्त्या माझ्या बापाने दिलेल्या. दहिसरला नदीच्या अलीकडे बाबांची टपरी होती. सुतारांच्या करवतींना दात काढून द्यायचे. मी थोरली, भाऊ बराच उशिरा झाला, त्यामुळे दहाव्या वर्षापासून कानस माझ्या हातात. जावयाला लोक घड्याळ देतात, अंगठी देतात. माझ्या बापाने एक जुनी विलायती करवत कापून तिच्या तीन पत्त्या केल्या आणि रुमालात बांधून दिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हे! मांडवात हार गळ्यात असताना हे त्या पत्त्यांवर अंगठा फिरवत बसले होते. भटजी म्हणाले, अहो, इकडे लक्ष द्या.

कारखान्यात एक रीत होती. रंधा एकमेकांचा वापरतील, पटाशी मागून नेतील, पण पत्तीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. ज्याची कड त्याने काढायची. एखादा म्हातारा सुतार ज्या दिवशी आपली पत्ती दुसऱ्यापुढे करून म्हणाला, "जरा काढून दे रे," त्या दिवशी त्याचं संपलं. त्याला कामावरून कोणी काढायचं नाही. तोच महिन्याभरात पेटी आवरून गावी निघून जायचा. हे असल्या दोघांना स्टेशनवर पोचवून आले होते. घरी आले की दोन दिवस गप्प.

मला ह्यांचं काम कसं चाललंय ते त्यांच्या शर्टावरून कळायचं. कपडे धुताना खिशात, बाह्यांच्या दुमडीत पापुद्रे सापडायचे. मुलगी ते केसांत खोवून नाचायची. मग एका वर्षी पावसाळ्यानंतर खिशात नुसता भुसा यायला लागला. मी मनात म्हटलं, लाकूड खराब आलं असेल. आठवडाभर भुसा. मग एक दिवस जेवताना बघते तर ह्यांच्या दोन्ही अंगठ्यांना फोड. टम्म फुगलेले.

"अहो, हे काय?"

ह्यांनी अंगठे उलटे करून बघितले, जणू दुसऱ्याचेच आहेत. "अरेच्चा," म्हणाले. "कधी आले?"

दवाखान्यात नेलं तर साखर निघाली. तिथल्या डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून सुई टोचली. पायाला कळलं नाही. बोटांना कळलं नाही. अंगठ्यांना तर अजिबात नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, गोड बंद, आणि भाजण्या-कापण्यापासून जपा, जखम चिघळेल. परत येताना हे मला सांगतात, "कारखान्यात बोलायचं नाही गो कोणाकडे." तेव्हा गिरण्या बंद पडत होत्या. एका माणसाच्या जागी चार माणसं दारात उभी असायची. पण ह्यांना भीती नोकरीची नव्हती. त्यांना ते स्टेशन दिसत होतं.

ज्या अंगठ्याला काही लागतच नाही त्याला वळलेली कड कशी कळणार? रोज संध्याकाळी चहा घेतला की दारात बसायचे, दगड, तेल, व्हॉल्व्ह सगळं मांडून. अंगठा फिरवायचे, मान डोलवायचे, "झकास" म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी खिशात भुसा. मुकादमाने दोनदा सांगितलं होतं, पॉलिश केलं की रेघा दिसतात. हे मला त्यांनी नाही सांगितलं. झोपेत बडबडले तेव्हा कळलं.

मग मी ते सुरू केलं. सकाळी हे डबा घेऊन खालच्या संडासाच्या रांगेत जायचे. चाळीतली रांग ती, अर्ध्या तासाच्या आत माणूस परत यायचा नाही. मी रेडिओ मोठा करायची आणि बसायची. पहिल्या दिवशी जमेल असं वाटलं नव्हतं. पण कानस हातात आली आणि बाबांची टपरी आठवली, आणि ह्यांचा हात तर मी रोजच बघत होते, सळई किती तिरकी धरतात, कुठे दाबतात. बाराच्या बारा कडा काढल्या. अंगठा सरकवला. लागत होती. पुन्हा फडक्यात होत्या तशा गुंडाळून पिशवीत ठेवल्या.

त्या संध्याकाळी हे जिना चढताना गाणं म्हणत आले. "आज पत्ती काय चालली म्हणून सांगू तुला! लोणी! गोळ्या लागू पडल्या बघ. हात परत आला."

मी पाठ फिरवून डाळीला फोडणी दिली. रडत होते आणि हसतही होते. रात्री धुवायचा शर्ट झटकला तर पापुद्रे.

असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. संध्याकाळी ते बिघडवून ठेवायचे, सकाळी मी सुधारायची. शेजारीण एकदा भिंतीपलीकडून ओरडली, "काय गं, रोज सकाळी काय घासतेस?" म्हटलं, विळीला धार लावते. ती म्हणाली, "तुझी विळी आहे का तलवार?" हसले मी. आमच्या घरात सगळ्यात बोथट काय असेल तर ती विळी होती. तिच्याकडे बघायला वेळच नव्हता.

मी सुखी होते. खरंच सांगते. नवऱ्याला आपलं काहीतरी लागतं आणि त्याला ते ठाऊकही नाही, ह्यात एक वेगळाच आनंद असतो. पण त्या आनंदात एक खोडही असते. आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी, एका रविवारी माझा भाऊ दहिसरहून जेवायला आला. शेजारचे दोघं-तिघंही गप्पा मारायला दारात टेकलेले. भावाने विचारलं, "भावोजी, हात कसा आहे आता?" मग काय! ह्यांनी पत्ती काढली, घरातला सागवानी पाट उलटा केला आणि सर्र सर्र चालवून दाखवली. पापुद्रे निघाले. मंडळी वाहवा करायला लागली. भाऊ सहज म्हणाला, "बाबांच्या करवतीचं पोलादच तसं आहे."

झालं. ह्यांचं बिनसलं. "पोलादात काय असतं? हात लागतो हात! तुझ्या बापाने जन्मभर दात काढले रे, पण कड त्यांना शेवटपर्यंत कळली नाही." आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आणि ही त्यांची लेक. हिच्या विळीने टोमॅटो कापत नाही."

सगळे खो खो हसले. माझा भाऊसुद्धा हसला, गाढव.

मी भाकरी थापत होते. त्या पाटावर जी कड चालली ती त्याच दिवशी सकाळी मी काढलेली. माझ्या बोटाला त्या तेलाचा वास अजून होता. डोक्यात जाळ झाला. म्हटलं, "माझ्या बापाचं नाव काढायचं नाही."

"काय खोटं बोललो?" हे म्हणाले. चारचौघांत होते ना, मागे कसे येणार?

जिभेच्या टोकावर आलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले, एवढं शहाणपण होतं. पण त्या शहाणपणाच्या मागे जो राग होता तो बाहेर पडायला वाट शोधत होता. मी दोन साड्या आणि मुलीचे कपडे पिशवीत कोंबले आणि भावाबरोबर माहेरी निघाले. निघताना खुंटीवरच्या त्या पिशवीकडे बघितलं. पत्त्या फडक्यात होत्या. आणि मी मनात काय म्हटलं ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. म्हटलं, काढू देत आता स्वतःच्या हाताने. येऊ दे भुसा. मग कळेल.

मला माहीत होतं. बोथट पत्ती तापते, मला माहीत होतं. ह्यांच्या अंगठ्याला चटका कळत नाही, हेही माहीत होतं. जखम चिघळेल हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. तरी गेले. मला एवढंच दिसत होतं, की हे दोन दिवसांत खाली मान घालून दहिसरला येतील, आणि मी थोडा वेळ भाव खाईन.

दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी उगाच टपरीपाशी जाऊन उभी राहिले. नाही आले. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "जा गो बाय घरी. किती तो राग?" म्हटलं, येऊ देत न्यायला. पाचव्या दिवशी मला त्या फोडांची आठवण झाली. पिशवी भरली. परत रिकामी केली. म्हटलं, मी का जाऊ? असे आठ दिवस काढले मी. आठ दिवस! आज कोणी तोंडावर थुंकलं तरी कमी आहे.

नवव्या दिवशी शेजारणीचा नवरा दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, चला," म्हणाला.

त्या आठवड्यात कारखान्यात एका मोठ्या ऑफिसचं काम आलं होतं, लांबलचक सागवानी टेबल. मुकादमाने ते ह्यांनाच दिलं, विश्वासाने. ह्यांनी रोज संध्याकाळी कडा काढल्या आणि रोज सकाळी त्याच घेऊन गेले. भुसा पडत राहिला, हे जोर लावत राहिले. पत्ती तापत राहिली. दुसरा कोणी असता तर हात झटकून थांबला असता. फोड आले, फुटले, ह्यांनी वर धोतराची चिंधी बांधली आणि टेबल पुरं केलं.

मी घरात शिरले तेव्हा उंबऱ्याच्या आत बसले होते. उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला. वास येत होता. मी टॉवेल सोडला. अंगठा जांभळा झाला होता, नखाखाली काळा.

"दुखतं?" मी विचारलं. मूर्खासारखं विचारलं.

"दुखत नाही गो, तेच ना," हे म्हणाले. "दुखलं असतं तर थांबलो असतो."

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी अंगठा काढला. डावा वाचला. मी खाटेशी बसून होते. गुंगी उतरल्यावर हे कितीतरी वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने माझा पदर धरला, लहान मूल धरतं तसा.

"तू नव्हतीस ना," म्हणाले. "जीव थाऱ्यावर नव्हता. कड वळेचना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. कितीही घासलं तरी वळेना." मग म्हणाले, "तुझ्या बापाला बोललो ना मी. गेलेल्या माणसाला बोललो. त्याचंच हे फळ. तू मनात ठेवू नको."

हे माझी माफी मागत होते. अंगठा त्यांचा गेलेला, आणि माफी माझी!

तेव्हा सांगायला हवं होतं. सांगायला हवं होतं की तुमचं काही चुकलं नाही, कड दोन वर्षांपूर्वीच गेली होती, मी काढत होते, आणि मी मुद्दाम टाकून गेले. लोक ऐकून म्हणतील, बाईने नवऱ्याचा मान राखला. कसला मान! मला भीती वाटली. सांगितलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता: मग तुला ठाऊक असून गेलीस? मी त्यांचं कपाळ पुसलं आणि म्हटलं, "नाही ठेवत मनात."

कारखान्याने काढलं नाही, तेवढं भलं केलं. गेटवर बसवलं, येणारं-जाणारं लाकूड बघायला. हे जायचे, यायचे, बोलायचे नाहीत. पिशवी खुंटीला तशीच. मग एका संध्याकाळी चहा घेतल्यावर उठले, पिशवी काढली आणि फडक्यासकट तिन्ही पत्त्या माझ्या मांडीवर ठेवल्या.

"काढून दे गो," म्हणाले.

तेच शब्द. मला घाम फुटला. हे हसले, खूप दिवसांनी. "घाबरू नको. कारखान्यात नाही न्यायच्या. तुला शिकवतो. कोणाला तरी यायला पाहिजे ना? आजवर मी कोणाला शिकवली नाही. तुझ्या बापाची वस्तू आहे, तुझ्या हातात बरी दिसेल. तीन-चार वर्षं लागतील, मलाही तेवढीच लागली. पण येईल."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? पहिल्याच दिवशी माझ्या हातून कड आली असती तर त्यांना सगळं कळलं असतं. म्हणून मी मुद्दाम चुकले. कानस वाकडी धरली. तेल जास्त ओतलं. सळई इतकी आडवी केली की कड वळायच्या ऐवजी दुमडून गेली. हे चार बोटांच्या हाताने माझं मनगट धरायचे आणि म्हणायचे, "एवढी नाही, एवढी नाही... हां. आता ओढ." मी ओढायची, आणि शेवटच्या क्षणी हात ढिला सोडायची. आलेलं काम न आल्यासारखं करणं फार कठीण असतं हो. हात ऐकत नाही.

"लागते का अंगठ्याला?" हे विचारायचे. त्यांना स्वतःला चाचपून कळायचं नाही, म्हणून माझ्या तोंडाकडे बघायचे.

"नाही लागत," मी म्हणायची.

"राहू दे. उद्या बघू."

आणि त्या 'उद्या'साठी ते गेटवरून लवकर यायला लागले. दारात बसून वाट बघायचे, मी भांडी घासून कधी येते म्हणून. बोलायला लागले. कारखान्यात पहिल्यांदा आले तेव्हाचे किस्से, गावच्या फणसाच्या लाकडाचे किस्से, माझ्या बापाचेही. बाबांनी मांडवात त्यांच्या कानात म्हटलं होतं म्हणे, की माझ्या पोरीचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, तिला नुसती चूल देऊ नका. हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं. "मी तेव्हा हसलो," हे म्हणाले. "बाप म्हणजे असं बोलणारच."

एकदा मात्र गडबड झाली. मुलीला ताप होता, माझं लक्ष तिच्याकडे. हात आपोआप चालला आणि पत्ती पाटावर ठेवली तर लांबच्या लांब पापुद्रा निघाला, वीतभर, कुठे तुटला नाही. दोघंही बघत राहिलो. मला वाटलं, कळलं आता. आणि खरं सांगू? वाटलं, कळू दे. सुटेन.

ह्यांनी तो पापुद्रा उचलून उजेडात धरला. "बघितलंस?" त्यांचा आवाज कापत होता. "मी मनगट धरलं होतं म्हणून आली. हात माझा होता. तुझा नव्हता, माझा!"

"तुमचाच," मी म्हटलं.

त्यांनी तो खिशात ठेवला. मी पुढच्या दिवशी पुन्हा भुसा पाडला.

दोन वर्षांनी साखर मूत्रपिंडावर गेली. पाय सुजले, मग तोंड सुजलं. गेट सुटलं. पलंगावर पडून राहायचे, पण संध्याकाळ झाली की मान वळवून खुंटीकडे बघायचे. मी पलंगापाशी खाली बसून पत्ती घासायची. ते नुसता आवाज ऐकायचे आणि सांगायचे, "जोर कमी. हां. परत." आवाजावरून त्यांना सगळं कळायचं असं त्यांना वाटायचं. मी मुद्दाम खरखर करायची. रोज वाटायचं, आज एक काढावी चांगली, त्यांच्या कानावर पडू दे तो सुर्र असा आवाज. आता तर त्यांनी सांगितलेली तीन-चार वर्षंही होत आली होती, कोणी संशय घेतला नसता. तरी माझा हात पुढे होईना. खोटं इतके दिवस चालवलं की खरं करायलाच लाज वाटते.

शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आली का गो?"

"नाही अजून," मी म्हटलं. "उद्या परत दाखवा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, तोच, अंगठा नसलेला. चार बोटं केसांतून फिरली.

"जाऊ दे," म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नको. नसते एखाद्याच्या हातात. तू मेहनत केलीस, मी बघितलं ना." मग, मला बरं वाटावं म्हणून मुद्दाम हलकं करत म्हणाले, "तुझ्या बापाला तरी कुठे आली? ह्या पत्त्या कारखान्यात देऊन टाक कोणाला तरी. ज्याला कड काढता येते त्याला दे. चांगलं पोलाद आहे, वाया जायला नको."

मी म्हटलं, "हो. देते."

चार दिवसांनी ते गेले.

पत्त्या मी दिल्या नाहीत. त्याच फडक्यात आहेत, तो व्हॉल्व्हही आहे. त्या पाटाशिवाय घरात सागवान नाही, आणि पाटाला आता मी हात लावत नाही. पण दर रविवारी सकाळी रेडिओ मोठा करते आणि बसते, बाराच्या बारा कडा काढते, एकेकीवरून अंगठा सरकवते. लागतात. मग पुन्हा गुंडाळून खुंटीला लावते.